माळाची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने द्यावी का? करारात काय पाहावं? मदत हवी आहे

माणदेशची_लेक

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खाली ओढ्याकडेला डाळिंब आणि ज्वारीचं रान, वर चार एकर मुरमाड माळ. माळावर खरिपात बाजरी-मटकी पेरतो. पाऊस लागला तर पदरात पडते, नाहीतर जनावरांना चारा होतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पासाठी एक कंपनी हा माळ आणि शेजारच्या दोघांचा माळ भाडेपट्ट्याने मागते आहे. सबस्टेशन जवळ असल्याने त्यांना जागा सोयीची पडते.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, वय झालंय, भाऊ पुण्यात नोकरीला, मी लग्न होऊन मिरजेत. सातबारा सामाईक आहे, त्यावर चुलत्यांचंही नाव आहे. चुलते म्हणतात देऊन टाका, आप्पा म्हणतात थांबा.

माझा कल द्यायकडे आहे आणि त्याचं कारण फक्त भाडं नाही. आमच्या फीडरला (सबस्टेशनवरून शेतीला येणाऱ्या लाइनला) पाळीने दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास थ्री फेज वीज येते. रात्रपाळी आली की आप्पा अजूनही बॅटरी आणि काठी घेऊन मोटरीवर जातात. स्टार्टरची पेटी उघडण्याआधी काठीने दोनदा ठोकतात, कारण उबेला आत साप बसतो. मग कडाक्याच्या थंडीत डाळिंबाचे कॉक फिरवत बसायचं. ही वीज दिवसा मिळणार असेल, तीही कोळसा न जाळता, तर त्यासाठी आमचा माळ उपयोगी पडावा असं मला मनापासून वाटतं.

शासनाने ठरवलेला दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. चार एकराचे साधारण दोन लाख होतात. माळाने आम्हाला एवढं कधीच दिलेलं नाही.

अडचण आहे ती कराराच्या मसुद्याची. मुदत तीस वर्षं. त्यात एक कलम असं, की कंपनी प्रकल्पासाठी 'मालमत्ता' तारण ठेवू शकेल. म्हणजे त्यांचे पॅनेल की आमची जमीन? मुदत संपल्यावर सगळं काढून कोण नेणार, याबद्दल एक ओळ नाही. पॅनेल धुवायचं पाणी कुठून आणणार, तेही लिहिलेलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात प्यायला टँकर लागतो. माळाच्या कडेने आमची वहिवाटीची वाट खालच्या रानात जाते, ती कुंपणात गेली तर ट्रॅक्टर कुठून न्यायचा?

ज्यांनी अशी जमीन दिली आहे किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं. पॅनेलच्या मधून पीक घेता येतं असं ऐकलंय, ते आपल्याकडच्या माळाला जमेल का?

फीडरवाला

ताई, वीज वितरणात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून आधी विजेचं सांगतो.

ही योजना मोठ्या सोलर पार्कसारखी नाही. प्रकल्प गावच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला जोडतात आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा तीच वीज जाते. लांबून वाहून आणावी लागत नाही, त्यामुळे वाटेतली गळती वाचते. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यातला पहिला ३ मेगावॅटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि खरेदी करार २५ वर्षांचा असतो. शेतीची सवलतीची वीज आजवर कारखाने आणि दुकानदारांच्या बिलातून आणि सरकारी तिजोरीतून भरून निघत आली. ती मुळातच स्वस्त पडली तर तो भारही हलका होतो. माझ्या मते या योजनेचा सर्वात मोठा फायदा हाच, पण त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

चार एकरात साधारण एक मेगावॅट बसतो. वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास निर्मिती धरा. आपल्या ग्रिडमध्ये युनिटमागे ढोबळमानाने ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तुमच्या एका माळामुळे वर्षाला हजार टन वाचतील. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात, सरपंचांच्या कानावर घाला.

शिवारवाट

भानगडीत पडण्यापेक्षा सौर पंप का घेत नाही? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये १० टक्केच भरावे लागतात.

माणदेशची_लेक

@शिवारवाट, ती योजना वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे. आमच्याकडे जोडणी आहे, शिवाय साडेसात एचपीपर्यंत बिल माफ. तो मार्ग आम्हाला बंद आहे.

हिशोबनीस

दोन लाख बघून सही करू नका. वाढ ३ टक्के आहे आणि लांबच्या मुदतीत महागाई साधारण त्याहून जास्त धावते. पंचविसाव्या वर्षी भाडं चार लाखांवर जाईल खरं, पण महागाई सरासरी ५ टक्के धरली तर त्या रकमेची किंमत आजच्या सव्वा लाखाएवढीच राहील. तरीही बिनपाण्याच्या मुरमाला हा दर चांगलाच आहे. प्रश्न एकच: तो माळ तीस वर्षं बिनपाण्याचाच राहणार का? जतच्या वंचित ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं काम चालू आहे. तुमचं गाव त्यात असेल आणि पाणी माळाच्या उंचीवर चढणार असेल, तर आप्पा 'थांबा' म्हणतात त्याला वजन आहे. लाभक्षेत्राचा नकाशा पाटबंधारे खात्याकडे बघायला मिळतो, त्यात आपला गट नंबर शोधा. हे काम सगळ्यात आधी करा.

आणखी एक. हे भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यावर आयकर लागू होतो. हिस्सेदारांत वाटून येणार असेल तर प्रत्येकाच्या खात्यावर थेट जमा होईल असं करारातच लिहून घ्या, म्हणजे भावकीत पुढे वाद नको.

गवताळ

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. माळ म्हणजे पडीक, हे सरकारी कागदावरचं वर्णन. जत, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यातल्या माळावर लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांचं घर आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावं लागलं, ते माळरानं शेतीत आणि इमारतींत गेली म्हणूनच. मी सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. तुमचा माळ नांगरटीखाली आहे, तिथे मूळचं गवत आधीच गेलंय, त्यामुळे तिथे प्रकल्प झाला तर माझी हरकत नाही. पण शेजारच्या दोघांपैकी कुणाचा माळ कधीच नांगरला नसेल, कुसळी-पवन्या गवत उभं असेल, तर तेवढा तुकडा वगळायला सांगा.

आणि जमीन बुलडोझरने सपाट करू देऊ नका. मुरमाच्या वरचा दोन बोटांचा थर गेला की पहिल्या वळवाला सगळी माती ओढ्यात येईल, तुमच्या डाळिंबात. चढ तसाच ठेवून खांब ठोकता येतात. तणनाशकावर बंदी घाला. गवत वाढू द्या आणि मेंढ्या चारा. परदेशात सोलर प्रकल्पांमध्ये हे सर्रास चालतं. आपल्याकडे तर धनगरांचे वाडे दरवर्षी त्याच वाटेने जातात. शेळ्या मात्र नकोत, त्या पॅनेलवर चढतात आणि वायरी चावतात.

पिकाबद्दल विचारलंत. जोधपूरच्या काझरी या कोरडवाहू भागातल्या शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १०५ किलोवॅटच्या प्रकल्पात पॅनेलच्या रांगांमध्ये मूग, मटकी घेतली आहे. पॅनेलवर पडणारं पावसाचं पाणी पन्हाळीने टाकीत साठवून तेच धुण्याला आणि पिकाला वापरलं. कोची विमानतळाच्या सौर प्रकल्पात भाजीपाला निघतो. तुमची मटकी बुटकी असते, सावली पडत नाही, त्यामुळे करून बघण्यासारखं आहे. कंपनी रांगांमध्ये अंतर वाढवायला नाखूश असेल, कारण तेवढ्याच जागेत पॅनेल कमी बसतात. पन्हाळीचा आग्रह मात्र सोडू नका, तुमचा पाण्याचा प्रश्न त्यातून बराच सुटेल.

बडोदेकर_मराठी

एक धोका कुणी लिहिला नाही. दिवसा वीज आणि बिल माफ, मग बोअर दिवसभर चालू राहतात. आमच्याकडे गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. २०१६ पासून तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सौर पंप ग्रिडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी विकली. त्यावर पाणी वाचवल्याचा बोनसही मिळाला. पाणी न उपसण्याचे पैसे मिळू लागले की माणूस मोटर बंद करायला शिकतो. तुमच्या गावात निदान पाण्याचा ताळेबंद तरी मांडा.

दस्त_लेखणी

मी वकिली करतो, मुद्द्याचं लिहितो. मसुदा आहे तसा सही करू नका.

तारणाचं कलम असं हवं: कंपनीला फक्त आपला भाडेपट्ट्याचा हक्क आणि आपली यंत्रसामग्री तारण ठेवता येईल, जमिनीची मालकी नाही. कर्ज थकलं तर बँक प्रकल्पावर येईल, तुमच्या सातबारावर नाही. पट्टा नोंदणीकृतच हवा. एका वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, मुद्रांक शुल्क कंपनीने भरावं. भाडं सही झाल्या दिवसापासून, वीज सुरू झाल्यापासून नाही. ठरावीक मुदतीत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द, कारण जमीन अडकवून ठेवून प्रकल्प दुसऱ्याला विकण्याचे प्रकार होतात.

शेवटच्या वर्षाचं कलम सर्वात महत्त्वाचं. पॅनेल, सांगाडे, जमिनीतले खांब, काँक्रीट, वायरी सगळं कंपनीने स्वखर्चाने काढायचं आणि त्यासाठी बँक हमी द्यायची. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आले आहेत, पण ती जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर आहे. तुमच्या माळावर पडलेल्या फुटक्या काचा उचलायला तो येणार नाही. वहिवाटीची वाट गट नकाशावर लाल रेघेने दाखवून तो नकाशा दस्ताला जोडा.

माणदेशची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. तुमचे प्रतिसाद आप्पांना फोनवर वाचून दाखवले. म्हैसाळचा मुद्दा ऐकून ते म्हणाले, 'मी तेच म्हणत होतो.' उद्या भाऊ लाभक्षेत्राचा नकाशा बघायला जातोय. पाणी माळावर चढणार नसेल तर चारही एकर द्यायचे, चढणार असेल तर नाही, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालंय. चढ न मोडणं, पन्हाळी, मेंढ्या, बँक हमी, वाटेचा नकाशा या अटी कंपनीला लेखी पाठवते आहे. शेजारच्या एका माळावर खरंच न नांगरलेलं गवत आहे. त्यांच्याशी बोलले, ते तो तुकडा वगळायला तयार आहेत.

@दस्त_लेखणी, प्रकल्प काढून नेण्याची बँक हमी किती रकमेची मागायची? आणि ती दरवर्षी वाढती ठेवतात की एकदाच? असं कलम असलेला मराठीतला दस्त कुणाकडे असेल तर नावं खोडून इथे टाकाल का? शेजारच्या दोघांनाही तो हवा आहे.