व्होल्मर-विल्सन यांनी अमेरिकेचे पोलीस सुधारले, की लोकांच्या हातातून काढून घेतले?

गोदातीर (धागाकर्ता)

अमेरिकी पोलिसांच्या इतिहासाची चर्चा निघाली की ऑगस्ट व्होल्मर यांचे नाव ‘आधुनिक पोलीस दलाचे जनक’ म्हणून येते आणि विषय तिथेच थांबतो. 1905 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावाचे मार्शल म्हणून ते निवडून आले, 1909 मध्ये तिथले पहिले पोलीसप्रमुख झाले. शिपायांना आधी सायकली, मग मोटारसायकली, मग मोटारी दिल्या. 1908 मध्ये खात्याची शाळा काढली आणि 1916 पासून विद्यापीठात पोलिसी कामाचे वर्ग भरू लागले. त्यांचे शिष्य ओ. डब्ल्यू. विल्सन यांनी तेच काम विचिटा शहरात (1928–39) आणि पुढे शिकागोत (1960–67) केले. हे सगळे मान्य. माझा आक्षेप त्यांच्या निदानावर आहे.

या मंडळींच्या मते पोलिसांचा रोग एकच, राजकारणी. त्यावर उपाय: प्रमुख तज्ज्ञ असावा, त्याच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण असावे, शिपायाची वस्तीशी फार जवळीक नसावी. म्हणजे वॉर्डातल्या पुढाऱ्याचा हात निघाला, पण त्या जागी दुसऱ्या कुणाचाच हात आला नाही.

लॉस एंजेलिस पाहा. 1937 च्या सनद-दुरुस्तीने (सनद म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा) तिथल्या पोलीसप्रमुखाला असे संरक्षण मिळाले की महापौरालाही त्याला हलवता येईना. विल्यम पार्कर 1950 मध्ये प्रमुख झाले. लाच घेणारे नव्हते, शिस्तीचे कडक होते, सुधारणावाद्यांना हवा होता तसाच माणूस. ऑगस्ट 1965 मध्ये वॉट्स वस्तीत दंगल पेटली, 34 माणसे मेली. काळ्या वस्त्यांमधून पोलिसांच्या वागणुकीबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी होत्या आणि त्या ऐकणे प्रमुखाला बंधनकारक नव्हते. पार्कर 1966 मध्ये मृत्यूपर्यंत पदावर राहिले. ही तटबंदी पाडायला 1992 उजाडले. रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीनंतर खात्याची चौकशी करणारा ख्रिस्तोफर आयोग बसला, मग मतदारांनी प्रमुखाची मुदत 5 वर्षे आणि जास्तीत जास्त दोन मुदती अशी मर्यादा घातली.

मधल्या 55 वर्षांचा हिशेब सुधारकांच्या खात्यावर मांडायला हवा, असे माझे मत आहे.


शोधक

साफ असहमत. आधी काय होते ते सोडून निकाल देता येणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये 1894 साली पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या लेक्सो समितीपुढे साक्षी झाल्या. टिमोथी क्रीडन नावाच्या कॅप्टनने शपथेवर सांगितले की कॅप्टन होण्यासाठी त्याने 15,000 डॉलर मोजले. साधा शिपाई व्हायलाही साधारण 300 डॉलरचा भाव होता. कॅप्टनच्या पगारातून 15,000 फिटणे शक्य नव्हते. ते फिटायचे दारूच्या गुत्त्यांच्या, जुगारअड्ड्यांच्या आणि वेश्यागृहांच्या हप्त्यातून. पैसा खालून वर टॅमनी हॉलपर्यंत (शहरावर पकड असलेली डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना) जायचा आणि बढती वरून खाली यायची. तुम्ही म्हणता ती ‘वस्तीशी जवळीक’ प्रत्यक्षात अशी होती. वस्ती म्हणजे तिथला गुत्तेवाला. घरकाम करणाऱ्या बाईची तक्रार तेव्हाही कुणी लिहून घेत नव्हते.

1895 ते 97 थिओडोर रूझवेल्ट तिथल्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी भरतीला परीक्षा लावली, पिस्तुलाचा सराव सुरू केला, सायकल पथक काढले. तरी ते अडले आणि का अडले ते महत्त्वाचे आहे. मंडळ चौघांचे, दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य. एक सदस्य अडून बसला की बढत्या लटकायच्या. त्यात रविवारची दारूबंदी कडकपणे राबवल्याने कामगारवर्ग विरोधात गेला. 1897 च्या निवडणुकीत टॅमनी परत आली आणि 1898 मध्ये लेक्सो समितीपुढे बदनाम झालेला विल्यम डेव्हेरी पोलीसप्रमुख झाला! दोन वर्षांचे काम एका निवडणुकीत पुसले गेले. नोकरीला संरक्षण हवे ही मागणी अशा अनुभवांतून आली, तज्ज्ञांच्या अहंकारातून नव्हे.

आणि 1937 ची दुरुस्ती व्होल्मर यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ते लॉस एंजेलिसला 1923–24 असे एकच वर्ष होते. दुरुस्तीमागे पुढाकार होता तो पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा. तिचा पहिला लाभ मिळाला जेम्स डेव्हिस यांना. त्यांच्याच खात्यातल्या एका कॅप्टनने जानेवारी 1938 मध्ये भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या खासगी गुप्तहेराच्या गाडीत बॉम्ब ठेवला, तो पुढे दोषीही ठरला. तज्ज्ञांच्या हाती कारभार याला म्हणत नाहीत.


तिसरा_प्रहर

मूल्यमापनाआधी यंत्रणा नेमकी कशी चालायची ते पाहू, कारण दोघांच्याही प्रतिसादांत ती निसटली आहे.

त्या काळी ठाण्यातून बाहेर पडलेला शिपाई पाळी संपेपर्यंत जवळजवळ हरवलेला असायचा. रस्त्याकडेच्या टेलिफोनपेटीवरून ठराविक वेळाने ‘हजर आहे’ कळवायचे, एवढाच दुवा. ठाण्याला त्याच्याशी बोलायचे असेल तर सोय नाही. बर्कलेत 1906 मध्ये व्होल्मर यांनी चौकाचौकात वर तांबडे दिवे टांगले. तक्रार आली की ठाण्यातून त्या बीटचा दिवा लुकलुकवायचा. सायकलवरचा शिपाई तो पाहून जवळची पेटी गाठायचा, फोन लावायचा आणि पत्ता घेऊन निघायचा. दिवा, पेटी आणि सायकल या तिन्हींचा मेळ बसला तरच उपयोग. नुसते दिवे लावून पायी गस्त ठेवली असती तर निरोप वेळेत मिळूनही माणूस उशिराच पोहोचला असता.

मग रेडिओ आला. 1928 मध्ये डेट्रॉइटच्या गाड्यांत बसवलेला संच फक्त ऐकायचा होता. गाडीतल्याला उत्तर देता येत नव्हते, म्हणजे निरोप पोहोचला की नाही हे ठाण्याला कळायचे नाही. दोन्हीकडून बोलणे 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात सुरू झाले.

दुसरे म्हणजे गुन्हेपद्धतीची कार्डे. मूळ कल्पना इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे पोलीस अधिकारी ॲचर्ली यांची. प्रत्येक गुन्ह्याची दहा शीर्षकांखाली नोंद: हल्ला कशावर (घर, दुकान, गोदाम), शिरला कुठून, कशाने (शिडी, पहार, बनावट किल्ली), नेले काय, वेळ, स्वतःला कोण म्हणवून घेतले, कोणती थाप मारली, साथीदार, आला-गेला कशाने, आणि दहावी त्याची खास खूण. घरातल्या कुत्र्याला विष घालणे, काम उरकल्यावर तिथेच बसून जेवणे, अशा सवयी या दहाव्या रकान्यात यायच्या आणि पुष्कळदा धागा तिथूनच सापडायचा. सराईत चोर हत्यार बदलतो, सवय बदलत नाही.

ही पद्धत बिघडते ती नोंदीत. एकाने ‘मागची खिडकी’ लिहिले आणि दुसऱ्याने नुसते ‘खिडकी’, तर दोन कार्डे कधी जुळणार नाहीत. म्हणून तर शाळा हवी. व्होल्मर यांना शिकलेला शिपाई हवा होता तो दिखाव्यासाठी नाही. हे काम अर्धशिक्षित माणसाकडून होणारच नव्हते.

(बोटांच्या ठशांचेही तसेच. हेन्री वर्गीकरण घडले आपल्याकडे, कलकत्त्यात. त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे काम मोठे. 1904 च्या सेंट लुइस जागतिक प्रदर्शनात स्कॉटलंड यार्डच्या जॉन फेरियर यांनी ते अमेरिकी पोलिसांना शिकवले.)

आणि मारझोड. व्होल्मर थर्ड डिग्रीच्या विरोधात होते. 1921 मध्ये त्यांच्याच खात्यातल्या जॉन लार्सन यांनी रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद घेणारे यंत्र बनवले, त्यामागे मारहाणीशिवाय खरे कळावे हा हेतू होता. यंत्र फसवे निघाले. पुढे लार्सनच त्याच्या वापरावर टीका करू लागले. पण दिशा कोणती होती ते पाहा.


पूर्वरंग

तिसरा_प्रहर, तपशील उत्तम. पण तुम्ही बर्कलेवर थांबलात. 1910 मध्ये बर्कलेची वस्ती होती 40,000 च्या आसपास, आणि गाव विद्यापीठाचे. खरी कसोटी लागली ती विल्सन यांनी हेच गणित मोठ्या शहरांना लावले तेव्हा.

त्यांची गस्तवाटपाची रीत अशी: शहराचे तुकडे पाडा, दिवसाचे तास पाडा, प्रत्येक तुकड्यातले गुन्हे, अटका, आलेले फोन मोजा, प्रत्येकाला कमीजास्त वजन द्या, बेरीज करा आणि त्या प्रमाणात माणसे वाटा. कागदावर यासारखे न्याय्य काही नाही. पूर्वी पुढाऱ्याच्या वॉर्डात शिपाई जास्त असत, आता आकडा सांगेल तिथे.

दोष आहे तो आकड्यात अटका धरण्यात. अटक हे पोलिसांचेच काम. जिथे जास्त पोलीस तिथे रस्त्यावर उभे राहणे, दारू पिणे, भटकणे अशा किरकोळ कारणांच्या अटका जास्त. अटका जास्त म्हणून पुढच्या वाटपात पोलीस आणखी जास्त. दोन-तीन फेऱ्यांत एखादी गरीब वस्ती ‘धोक्याची’ ठरते. त्यासाठी कुणी पक्षपाती असण्याची गरज पडत नाही, सूत्रच ते काम करते.

त्यावर एका माणसाची गाडी, सतत फिरती गस्त आणि लागेबांधे नकोत म्हणून माणसांची फिरवाफिरव. शिकागोत विल्सन यांनी ठाण्यांचे 38 विभाग होते ते 21 केले. हप्त्याचे जाळे तोडायला ते योग्यच होते, मी नाकारत नाही. पण मोटारगस्तीने गुन्हा थांबतो हा जो पाया होता, तो तपासला गेला 1972–73 मध्ये, कॅन्सस सिटीत. 15 बीट घेतली. पाचांत गस्त काढून टाकली, फोन आला तरच गाडी जायची. पाचांत नेहमीइतकी ठेवली. पाचांत दुप्पट-तिप्पट केली. वर्षाअखेर गुन्हे, लोकांची भीती, पोलिसांबद्दलचे मत, कशातही लक्षणीय फरक निघाला नाही. उलट 1978–79 मध्ये न्यूअर्कला पायी गस्त तपासली तेव्हा गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली. चाळीस वर्षे ज्यावर पैसा ओतला ते फारसे कामाचे नव्हते, आणि जुनाट म्हणून टाकलेल्या पायी गस्तीचा निदान एवढा तरी गुण निघाला.


मुळाक्षर

वंशाचा मुद्दा धाग्यात वॉट्सपुरताच आला आहे, तो सुरुवातीपासून आहे. व्होल्मर फिलिपिन्समधल्या युद्धात लढून आले होते. 1905 मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनिया राज्य पोलिसांच्या रचनेवरही फिलिपिन्समधल्या दलाची छाप होती, आणि ते दल वापरले गेले खाणकामगारांचे संप मोडायला. जिंकलेल्या मुलखात शिकलेल्या रीती घरी आल्या. बर्कलेच्या पोलीस शाळेच्या अभ्यासक्रमात ‘वंशाचा ऱ्हास’ आणि सुप्रजनन (निवडक प्रजननाने माणसांचा वंश ‘सुधारण्याची’ कल्पना) हे विषय होते. त्या काळच्या विद्यापीठांत ते शास्त्र म्हणून चालायचे, पण शिपायाच्या डोक्यात ते बसले की परिणाम रस्त्यावर दिसतो.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. याच व्होल्मर यांनी 1919 मध्ये वॉल्टर गॉर्डन या काळ्या तरुणाला शिपाई म्हणून घेतले आणि गोऱ्या शिपायांच्या विरोधाला भीक घातली नाही. गॉर्डन यांनी नोकरी करता करता कायद्याची पदवी घेतली आणि पुढे ते यू. एस. व्हर्जिन आयलंड्सचे गव्हर्नर झाले. एकाच माणसात दोन्ही होते. त्यामुळे ‘जनक’ आणि ‘खलनायक’ ही दोन्ही लेबले मला चुकीची वाटतात.


शोधक

पूर्वरंग, अटकांबद्दलचे तुमचे म्हणणे बिनतोड आहे, मी ते मान्य करतो. पण निष्कर्ष वेगळा काढतो.

1931 मध्ये विकरशॅम आयोगाचा (राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला, देशातल्या कायदा-अंमलबजावणीची पाहणी करणारा) पोलिसांवरचा अहवाल आला, तो व्होल्मर यांच्या देखरेखीखालचा. पाच लाखांहून मोठ्या शहरांत पोलीसप्रमुखाची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांहूनही कमी, आणि बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण जवळजवळ शून्य, असे त्यात नोंदले आहे. त्याच आयोगाच्या दुसऱ्या अहवालाने थर्ड डिग्री उघड्यावर आणली. मग देशाने यातले उचलले काय? गाड्या आणि रेडिओ, कारण ते अंदाजपत्रकात टाकून विकत घेता येतात. प्रशिक्षण मागे राहिले. किमान प्रशिक्षणाची राज्यपातळीवरची व्यवस्था कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये आली ती 1959 साली! आज अमेरिकेत साधारण 18,000 वेगवेगळी पोलीस खाती आहेत आणि पुष्कळशी अगदी छोटी. तांबडा दिवा सगळीकडे पोहोचला, शाळा पोहोचली नाही. अपुऱ्या राहिलेल्या सुधारणेचा दोष सुधारकांना देऊ नका.


गोदातीर

शोधक, 1937 च्या दुरुस्तीमागे संघटना होती हे बरोबर आणि माझ्या मांडणीत ते यायला हवे होते. पण संघटनेने शब्द वापरले ते सुधारकांचेच: राजकारणापासून मुक्ती. तटबंदीचा युक्तिवाद तयार होता, फायदा घेणाऱ्याने तो उचलला.

शिकागोचे उदाहरण माझ्या बाजूने जाते. जानेवारी 1960 मध्ये समरडेल ठाण्यातले आठ पोलीस एका चोराच्या साथीने घरफोड्या करताना सापडले, म्हणून महापौर डेली यांनी विल्सन यांना आणले. विल्सन यांनी आपले कार्यालय महापौरांच्या इमारतीतून हलवले, अंतर्गत चौकशी विभाग उभारला, नागरिकांचे पोलीस मंडळ आले. 1967 मध्ये ते निवृत्त झाले. ऑगस्ट 1968 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर त्याच दलाने निदर्शकांना आणि पत्रकारांना रस्त्यावर झोडपले, आणि तेव्हा महापौर डेलीच होते. रचना तज्ज्ञाची होती, लगाम महापौरांकडेच राहिला आणि वस्त्यांकडे काहीच आले नाही.

प्रशिक्षण वाढवा, मी तुमच्याबरोबर आहे. माझी मागणी त्यापुढची आहे: प्रमुखाला ठराविक मुदत हवी, मधल्या काळात मर्जीनुसार हटवता येऊ नये आणि मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालूही राहू नये. लॉस एंजेलिसने 1992 मध्ये साधारण हेच केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंग निकालात पोलीस महासंचालकाला किमान दोन वर्षे देण्याचा जो आदेश आहे, तो या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याला उत्तर देतो. दुसऱ्या अर्ध्यावर, म्हणजे वस्तीतल्या माणसाची तक्रार पोलिसांबाहेरच्या कुणी तपासायची आणि तिचा निकाल कुणावर बंधनकारक असायचा, यावर व्होल्मर यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लिहावे.