वॉर्डमधल्या सिस्टर्सना आधार द्यायचा तर नेमकं काय करायचं?

प्रश्न (वॉर्ड इन्चार्ज): मेडिसिन वॉर्ड, तीन शिफ्ट, नाइटला दोनच सिस्टर्स. स्टाफ थकलाय, आजारपणाच्या रजा वाढल्यात. व्यवस्थापन महिन्याला एक समुपदेशन सत्र द्यायला तयार आहे. तेवढ्यानं भागेल का? आणि फरक पडला की नाही, हे मोजायचं कसं? (खाली तिघांची उत्तरं, त्यांच्या टोपणनावांनी.)

रोस्टरवाली: सत्र जरूर घ्या, पण सुरुवात तिथून नको. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी 1981 मध्ये आधाराचे चार प्रकार मांडले: भावनिक, प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा आणि कामाची दखल घेणारा. वॉर्डात सगळ्यात आधी तुटतो तो दुसरा. नाइटला एकजण सीरियस पेशंटजवळ अडकली की उरलेला सगळा वॉर्ड दुसरीच्या गळ्यात. तेव्हा 'कशी आहेस?' विचारून काय होणार? तिला हाताखाली माणूस हवा असतो.

ड्युटी सुरू होतानाच ब्रेकची वेळ फळ्यावर लिहा, आणि त्या वेळात तिचे पेशंट कोण बघणार तेही नावानिशी. 'वेळ मिळेल तेव्हा जा' म्हटलं की कुणी जात नाही, कारण आपला भार सोबतिणीवर पडेल याचा संकोच असतो. नाइटला दोघीच असतील तर 20-30 मिनिटांचा रिलीव्हर (बदली माणूस) रोस्टर लावतानाच सुपरवायझरकडून मंजूर करून घ्या. रात्री दोनला फोन करून माणूस मिळत नाही.

आणि ओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या शिफ्टला देताना, सगळ्यांसमोर चुका काढणं बंद. राहिलेलं काम 'राहिलं' म्हणून सांगता आलं पाहिजे, नाहीतर ते लपवलं जातं आणि त्रास पेशंटला होतो.

आयसीयू नाइट: पेशंट अचानक दगावला किंवा नातेवाईक अंगावर धावून आले, तर त्या सिस्टरला आधी थोडा वेळ कामातून मोकळं करा. कागदपत्रं एकटीवर टाकू नका, घरी कशी जाणार ते विचारा. घडलेला प्रसंग सगळ्यांना बसवून बोलायला लावू नका. अशा सक्तीच्या एकवेळच्या चर्चेनं (डीब्रीफिंगनं) पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो. बोलायची तयारी असेल तर ऐका. दोन-तीन दिवसांनी विचारपूस करा, काही आठवड्यांनी पुन्हा करा. झोप उडणं, प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं महिनाभर टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं, तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

आकडेमोड: मोजायला डब्ल्यूएचओ-5 ही मन किती बरं आहे ते विचारणारी प्रश्नावली सोपी. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच प्रश्न, प्रत्येकी 0 ते 5 गुण, बेरीज गुणिले 4. 50 किंवा त्याखाली आलं तर पुढची तपासणी हवी. आधारासाठी अनेकजण 12 प्रश्नांची एमएसपीएसएस ही प्रश्नावली वापरतात, पण ती कुटुंब, मित्र आणि जवळची व्यक्ती यांबद्दल विचारते, इन्चार्जबद्दल नाही. त्यामुळे वॉर्डात केलेला बदल तिच्यात उमटेलच असं नाही. वरिष्ठ आणि सहकारी यांबद्दल वेगळे प्रश्न असलेली प्रश्नावली घ्या.

फॉर्म तुम्ही स्वतः गोळा करू नका. छोट्या वॉर्डात वय आणि नोकरीची वर्षं विचारली की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो, मग सगळे 'बरं आहे' लिहितात. शिवाय सगळ्यात थकलेल्या सोडून गेल्या की पुन्हा मोजताना सरासरी आपोआप सुधारते, म्हणून किती गेल्या ते सोबत मांडा. हुकलेले ब्रेक आणि डबल ड्युट्याही दर आठवड्याला नोंदवा.

वॉर्ड इन्चार्ज: सत्र मॉर्निंग ड्युटी संपल्यावर ठेवलंय. चालेल?

रोस्टरवाली: नको. ड्युटीच्याच वेळेत ठेवा, जागी रिलीव्हर द्या. नाइटवाल्यांसाठी वेगळी वेळ लागेल. आणि कोण आलं, काय बोललं याची नोंद मेट्रनच्या ऑफिसात जाणार नाही, हे आधीच लेखी घ्या.