स्टॅश मारा आणि निवांत राहा म्हणे!

कोथरूडकर:
परवा गिटच्या (कोडमधले बदल जपणारं साधन) नवशिक्यांच्या धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलं, "काम अर्धवट असलं की स्टॅश मारा, ब्रँच बदला, निवांत राहा." स्टॅश म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणं, ब्रँच म्हणजे कोडची वेगळी शाखा. तिथे गप्प बसलो, आज राहवत नाही. मागच्या वर्षी मी हेच केलं. तीन दिवसांचं काम, त्यात दोन नव्या फाइली. स्टॅश करून दुसऱ्या ब्रँचवर गेलो तर त्या दोघी तिथेही हजर! बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवणं) फुटायला लागला म्हणून गिट क्लीन मायनस एफडी मारलं, म्हणजे गिटच्या नोंदीत नसलेल्या फाइली पुसल्या. परत येऊन पॉप केलं, म्हणजे स्टॅश बाहेर काढलं. जुन्या फाइलींमधले बदल आले, नव्या फाइली कायमच्या गेल्या. अ‍ॅड न केलेल्या, म्हणजे गिटच्या नोंदीत नसलेल्या, फाइलींना स्टॅश हातच लावत नाही, हे त्या निवांतरावांनी लिहायला नको? तुटकं असो, फुटकं असो, आपल्या ब्रँचवर डब्ल्यूआयपी (काम चालू) म्हणून कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंद करा. परत आलात की रीसेट सॉफ्ट: नोंद सुटते, काम राहतं.

तिरफळ:
स्टॅशला मायनस यू लावलं की नव्या फाइलीही त्यात जातात. मॅन पेजवर (गिटच्या मदतपानावर) आहे. आणि फाइली क्लीनने उडवल्या, स्टॅशने नव्हे. नाचता येईना, अंगण वाकडं.

जुनाखोड:
टीएफएसमध्ये (मायक्रोसॉफ्टचं असंच साधन) आमचा शेल्व्हसेट, म्हणजे बाजूला ठेवलेलं काम, सर्व्हरवर जायचा. परफोर्स या दुसऱ्या साधनाचंही तेच. गिटचा स्टॅश मात्र तुमच्या डबड्यातच, पुश केलं (कोड सर्व्हरवर पाठवला) तरी सोबत जात नाही. आमच्या एका पोराच्या लॅपटॉपवर चहा सांडला. 11 स्टॅश चहात बुडाले.

तिरफळ:
काका, गिट 2.51 पासून स्टॅश एक्स्पोर्ट-इम्पोर्ट आहे, दुसरीकडे नेता येतं.

जुनाखोड:
काका कोणाला म्हणतोस? गिट 2005 चं, ही सोय 2025 ची. वीस वर्षं काय करायचं होतं, चहा बंद?

रात्रपाळी:
सगळे भलतंच कुटताय. स्टॅश करायची वेळ येतेच का? शुक्रवारी पावणेसहाला मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभा राहतो, "पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाच मिनिटांत मी कोणत्या ब्रँचवर होतो तेही विसरतो. माझ्या यादीत प्रत्येक स्टॅश म्हणजे एकेक 'पाच मिनिटं' आहे.

शेवटचीलोकल:
मी तोच मॅनेजर. म्हणजे तुझा नाही, पण तसाच. क्लायंटचं पेमेंट अडकलं की तो मला फोन करतो, तुझ्या ब्रँचला नाही. सोमवारपर्यंत थांबा म्हणू का त्याला?

रात्रपाळी:
म्हणून बघा कधीतरी. महिन्यातून एकदा पेमेंट अडकतं, बाकीच्या वेळी बटणाचा रंग बदलायचा असतो. तोही 'अर्जंट'.

शेवटचीलोकल:
रंगही क्लायंटच सांगतो. आणि अर्धवट काम चार दिवस पोटाशी धरून बसणाऱ्यांनी मला शिकवू नये. छोटे कमिट करत गेलात तर मी कधीही आलो तरी पंचाईत होणार नाही.

कोथरूडकर:
घ्या! मीही तेच म्हणतोय. पण मॅनेजरने दुजोरा दिल्यावर आता माझ्याच मतावर शंका यायला लागली.

रात्रपाळी:
छोटे कमिट करायला सलग एक तास तरी मिळू दे की! आमच्याकडे एकदा दिवसात चार वेळा उठवलं, चार स्टॅश झाले. संध्याकाळी थकून पॉप केलं, कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) आला, स्टॅशही गेलं असं समजून सगळं पुन्हा लिहिलं.

तिरफळ:
कॉन्फ्लिक्ट आला तर पॉप स्टॅश टाकून देत नाही. यादीत तसंच पडलेलं होतं, अजूनही असेल. चुकून ड्रॉप केलं (यादीतून काढलं) असतं तरी गिट एफएससीके (fsck) या तपासणीच्या कमांडने लटकलेला कमिट सापडतो, फक्त गार्बेज कलेक्शनच्या (गिटची आपोआप साफसफाई) आधी शोधायला हवं.

रात्रपाळी:
आत्ता पाहिलं. आहे. त्या रात्री घरी दीड वाजता पोचलो होतो रे.

तिरफळ:
बरं, एवढं मान्य करतो: नुसतं स्टॅश लिहिणारे गाढव आहेत. स्टॅश पुश मायनस एम देऊन नाव द्या. आणि एक दिवसापेक्षा जास्त ठेवायचं असेल तर कमिटच करा.

कोथरूडकर:
म्हणजे जिन्याने न येता खिडकीतून माझ्याच घरात आलास. ये, बस.

जुनाखोड:
वर्कट्री कुणालाच आठवू नये? 2015 पासून आहे. दुसरं फोल्डर, दुसरी ब्रँच, हातातलं काम जागचं हलत नाही.

तिरफळ:
आणि प्रत्येक फोल्डरमध्ये नोड मॉड्यूल्स (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्या) पुन्हा उतरवा. डिस्क तुम्ही देणार का, काका?

रात्रपाळी:
मी देतो. ती कमांड कुणीतरी नीट लिहून द्या. मॅनेजर सोडून.