शब्दचर्चा : ‘फेलनी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या काउंटी कोर्टाच्या नोंदी मराठीत समजावून सांगायच्या आहेत. ‘फेलनी’ला ‘दखलपात्र गुन्हा’ म्हटलं तर चालेल का? ‘काउंटी’ म्हणजे जिल्हाच ना? ‘डॉकेट’ आणि ‘डिस्पोझिशन’ हे शब्दही सारखे येतात, त्यांना काय म्हणायचं?

उत्तर : ‘दखलपात्र’ नको. पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते का, यावर आपल्याकडे दखलपात्र-अदखलपात्र ठरतं. फेलनी ठरते ती कायद्यात सांगितलेल्या कमाल शिक्षेवरून. अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकणारा गुन्हा म्हणजे फेलनी, त्याखालचा मिस्डिमीनर. प्रत्यक्ष शिक्षा किती झाली याला इथे महत्त्व नाही. एकही दिवस तुरुंगात न जाता नुसत्या प्रोबेशनवर (कोर्टाच्या देखरेखीखाली) सुटलेल्या माणसाच्या नावावरही फेलनी असू शकते.

‘गंभीर गुन्हा’ हा शब्द वाचायला बरा वाटतो, पण त्यातून ही कायदेशीर रेघ दिसत नाही. आपल्या दंडसंहितेत अशी विभागणी नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ती नव्हती, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. इंग्लंडनेही १९६७मध्ये ती काढून टाकली. म्हणून ‘फेलनी’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगावा.

पुरवणी : ती एक वर्षाची रेघ सगळ्या राज्यांत सारखी नाही, हेही त्या वाक्यात आलं पाहिजे. पेनसिल्व्हेनियात पहिल्या श्रेणीच्या मिस्डिमीनरला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यू जर्सीच्या फौजदारी संहितेत तर गुन्ह्यांचं वर्गीकरण फेलनी या शब्दाने होतच नाही. तिथे त्यांच्या जागी ‘इंडायटेबल’ गुन्हे असतात, पहिल्या ते चौथ्या श्रेणीचे. तिथल्या नोंदींत ‘फेलनी’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही आणि माणूस स्वच्छ आहे असा चुकीचा समज होईल.

उत्तर, ‘काउंटी’बद्दल : नकाशावर जिल्हा म्हणून भागतं, नोंदी शोधताना नाही. लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ असतात. बाल्टिमोर शहर आणि बाल्टिमोर काउंटी वेगवेगळ्या आहेत, सेंट लुईसचंही तसंच. एकीकडे शोधून दुसरीकडचं कळत नाही.

‘काउंटी कोर्ट’चं भाषांतर ‘जिल्हा न्यायालय’ करणं तर घातकच. टेक्सासमध्ये फेलनीचे खटले डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांची कागदपत्रं डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे (क्लर्क म्हणजे कोर्टाच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी) असतात. मिस्डिमीनरची कागदपत्रं सहसा काउंटी क्लर्ककडे. ‘काउंटी’ हा शब्द पाहून काउंटी क्लर्कच्या खिडकीवर गेलात, तर फेलनीचा कागद तिथे नसतो. कॅलिफोर्नियात हेच काम सुपिरियर कोर्टाचं, फ्लोरिडात सर्किट कोर्टाचं. न्यूयॉर्क शहरात फेलनीचा खटला ‘सुप्रीम कोर्टा’त चालतो. ते खटला चालवणारं कोर्ट आहे, त्याला ‘सर्वोच्च न्यायालय’ म्हणू नये. कोर्टांची नावं भाषांतरित करू नयेत, हे माझं ठाम मत.

उत्तर, ‘डॉकेट’बद्दल : इथे मात्र आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे : रोजनामा. कोणत्या तारखेला काय दाखल झालं, काय आदेश झाला, पुढची तारीख कोणती, हे सगळं डॉकेटमध्ये असतं.

एखाद्याच्या नावावर फेलनीचा खटला आहे का, ते शोधायची रीत अशी. आधी माणूस कुठे राहिला, कुठे नोकरी केली, त्या सगळ्या काउंट्या लिहून काढा, कारण खटला सहसा गुन्हा घडला तिथे चालतो. मग प्रत्येक काउंटीत फेलनीच्या नोंदी ठेवणारा क्लर्क कोण ते पाहून त्याच्या संकेतस्थळावर आडनाव-नाव या क्रमाने शोध घ्या. शोधातून आलेल्या यादीत खटला क्रमांक पाहा. फ्लोरिडात ‘सीएफ’ म्हणजे फेलनी, ‘एमएम’ म्हणजे मिस्डिमीनर. आपल्याकडच्या कोर्टांत खटला क्रमांकाआधी येणाऱ्या आर.सी.सी., एस.सी.सी.सारखीच ही अक्षरं खटल्याचा प्रकार सांगतात.

मराठी नावांत दोन जागी घोळ होतो. वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून नोंदलेलं असतं, कधी आडनावाला जोडलेलं. आणि ‘चौधरी’सारख्या आडनावाची रोमन स्पेलिंगं अनेक असतात. ती सगळी वेगवेगळी टाकून पाहावी लागतात. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. जन्मतारीख ताडून पाहायला हवी आणि कॅलिफोर्नियात तेच अडतं. कोर्टाच्या इलेक्ट्रॉनिक सूचीत जन्मतारीख देऊ नये असा तिथला नियम आहे. शिवाय फौजदारी खटल्यातली मूळ कागदपत्रं तिथे घरबसल्या दिसत नाहीत, कोर्टातल्या संगणकावरच पाहता येतात.

पुन्हा प्रश्न : मग ‘डिस्पोझिशन’ म्हणजे शिक्षा का?

उत्तर : नाही. डिस्पोझिशन म्हणजे त्या आरोपाचा निकाल कसा लागला ते. निर्दोष सुटका, आरोप मागे घेणं, खटला फेटाळणं, दोषसिद्धी, यांपैकी काहीही. एका खटल्यात तीन आरोप असतील तर तीन वेगळे निकाल असू शकतात. सुरुवातीला फेलनी म्हणून दाखल झालेला आरोप सरकारी वकिलाशी झालेल्या तडजोडीत मिस्डिमीनरवर आलेला असतो, तरी खटल्याच्या क्रमांकात ‘सीएफ’ तसंच राहू शकतं. म्हणून नुसता क्रमांक पाहून ‘फेलनीचा दोषी’ लिहू नका. ही चूक एखाद्याची नोकरी किंवा भाड्याचं घर घालवते.

फ्लोरिडात ‘अॅड्ज्युडिकेशन विदहेल्ड’ हा शेरा दिसला तर जास्त जपा. आरोपीने गुन्हा कबूल केलेला असू शकतो, पण कोर्टाने दोषसिद्धीची घोषणा रोखून धरलेली असते. ‘निर्दोष’ म्हटलं तरी चूक, ‘दोषी ठरला’ म्हटलं तरी चूक. ‘दोषसिद्धी राखून ठेवली’ असं लिहावं.

पुरवणी : ‘रेकॉर्ड नाही’ हेही जपून लिहा. फेडरल खटले काउंटीत नसतात, ते पेसर या फेडरल कोर्टांच्या वेगळ्या ऑनलाइन प्रणालीत असतात. तिथे एका पानाला १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ होतं. काउंटीतली नोंद कोर्टाच्या आदेशाने मोहोरबंद किंवा रद्द झालेली असली तर तीही दिसणार नाही. तेव्हा वाक्य असं हवं : ‘अमुक काउंटीच्या अमुक क्लर्ककडे, अमुक वर्षांपासूनच्या उपलब्ध सूचीत, या नावाने फेलनीचा खटला आढळला नाही.’ आणि हे कुठे सादर करायचं असेल तर संगणकाच्या पडद्याचा फोटो जोडू नका, क्लर्ककडून शिक्का मारलेली नक्कल मागून घ्या.