मदत हवी आहे: साठावा दिवस शनिवारी येतोय, डिफॉल्ट बेलचा (मुदतीत चार्जशीट न आल्यास मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज कधी द्यायचा?

नमस्कार. फौजदारी वकिली करणाऱ्या किंवा घरच्या कुणासाठी यातून गेलेल्या मंडळींनी कृपया सांगावं.

माझ्या आत्तेभावाला फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), शिक्षा जास्तीत जास्त सात वर्षं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची (पोलिसांसमोर हजर राहण्याची) नोटीस न देता थेट घरून उचललं, हा मुद्दा सेशन्सच्या जामीन अर्जात घेतलाय. सरकारी वकिलांचा ‘से’ (लेखी म्हणणं) अजून आलेला नाही, नुसत्या तारखा पडताहेत. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, तो जेलमध्ये आहे.

अजून चार्जशीट आलेलं नाही. या गुन्ह्यात 60 दिवसांत ते आलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) खाली (जुन्या सीआरपीसीचं 167(2)) जामीन हा हक्कच आहे, आरोपात किती तथ्य आहे हे तेव्हा बघत नाहीत. दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि रिमांडचा दिवसही धरायचा, हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये कपिल वाधवान प्रकरणात ठरवलंय. आमचा पहिला रिमांड बुधवारी झाला. म्हणजे साठावा दिवस शनिवारी, आणि अर्ज करता येणार रविवारपासून.

इथेच अडलंय. आमचे वकीलसाहेब म्हणतात, सोमवारी कोर्ट उघडलं की देऊ. पण तपास अधिकाऱ्याने सोमवारी आमच्या आधी चार्जशीट दाखल केलं तर हक्क गेला! अर्ज आधी पडला असेल तर मागून आलेल्या चार्जशीटने तो जात नाही (सुप्रीम कोर्टाचा एम. रवींद्रन निकाल, 2020). सगळं त्या एका सकाळवर येऊन ठेपलंय आणि मला सोमवारची वाट बघणं अजिबात पटत नाही.

रविवारी सुट्टीच्या कोर्टात, जिथे रिमांड चालतात, तिथे हा अर्ज घेतात का? शिक्क्यावर तारखेबरोबर वेळही टाकून मिळते का? राकेश कुमार पॉल निकालात (2017) तोंडी मागणीही पुरेशी मानली आहे; मग न्यायाधीशांसमोर तोंडी मागून रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद घ्यायला लावता येईल का? आणि सेशन्समधला अर्ज प्रलंबित असल्याची अडचण येते का?

जामीनदार तयार आहेत, त्यांचे सातबारे काढून ठेवलेत. वकीलसाहेबांशी शुक्रवारी बोलायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.