मुठीचा आकडा आणि चिमटीचे बळ
एकाच हाताचे दोन दवाखान्यांत आकडे वेगळे आले म्हणून डायनामोमीटरच (मुठीची ताकद किलोंत मोजणारे उपकरण) बेभरवशाचा, असा निष्कर्ष इथल्या चर्चेत काढला गेला; तो मला घाईचा वाटतो. जामर या प्रचलित डायनामोमीटरच्या मुठीला (धरायच्या दांड्याला) कमी-अधिक रुंदीच्या पाच स्थिती असतात आणि सामान्यतः दुसरी वापरण्याचा प्रघात आहे. एकीकडे तिसरी घेतली, किंवा कोपर काटकोनात न ठेवता सरळ ठेवले, तर हात तोच असूनही आकडा बदलू शकतो, म्हणून किलोंसोबत या गोष्टीही नोंदवायला हव्यात (आपल्याकडे त्या क्वचितच लिहिलेल्या दिसतात).

चिमटीचा विषय मात्र चर्चेत आलाच नाही. आमच्याकडे आलेल्या हुपरीच्या एका चांदी कारागिराची मूठ जामरवर उत्तम भरली, पण पैंजणाची बारीक कडी धरताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी थरथरत होती. ही उणीव मोजायला चिमटीचे बळ मोजणारा पिंच गेजच लागतो.