मदत हवी आहे: भावावर कोयत्याने हल्ला, भरपाईचा अर्ज परत आला

डोंगरपायथा (धागाकर्ता)
लांबड लावत नाही. लहान भावावर कोयत्याने हल्ला झाला. दवाखान्याचं बिल २ लाख ८५ हजार. आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून भरलं. सरकार पीडितांना पैसे देतं असं कळलं म्हणून फॉर्म भरला, तर "यात बसत नाही" असा शेरा मारून परत. का बसत नाही विचारलं तर समोरच्या माणसाने मानसुद्धा वर केली नाही. आता कुठे जायचं? "वकील गाठा" हे कृपया सांगू नका. वकिलाला द्यायला पैसे असते तर इथे आलो नसतो.

सुगरणीचा खोपा
वाचून वाईट वाटलं. भाऊ आता कसा आहे?

निवृत्त शिरस्तेदार
कुठला फॉर्म, कुठल्या योजनेचा, कुठे दिला? एफआयआर आहे का? कलमं कोणती? आरोपी सापडले का? यातलं एकही न लिहिता "लगेच सांगा" म्हणजे आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

टर्नर फिटर
माझ्या मेव्हण्याला ट्रकने उडवलं होतं. मोटार अपघात न्यायाधिकरणात केस टाकली, चार वर्षांनी का होईना पैसे मिळाले. तिथे टाका. गाडी पळून गेली असेल तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार मिळतात, २०२२ पासून.

निवृत्त शिरस्तेदार
अहो, कोयत्याला नंबरप्लेट असते का?

डोंगरपायथा
@सुगरणीचा खोपा, जिवावरचं टळलं. डाव्या हाताच्या दोन शिरा तुटल्या, शिवल्यात, पण बोटं मिटत नाहीत. शर्टाची बटणं आई लावते.
@शिरस्तेदार, फॉर्म मनोधैर्यचा. एफआयआर आहे, न्याय संहितेचं कलम ११८. तिघे धरलेत, त्यातले दोघे अल्पवयीन. भावाला ते ओळखतही नाहीत, दुसरा कुणी समजून मारलं म्हणे. केस संपल्याशिवाय काही मिळत नाही असं ठाण्यात सांगितलं. तीन महिने झाले.

काळा कोट
मनोधैर्य! मग परत येणारच, दादा. ती योजना २०१३ साली सुरू झाली ती बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी. तुमच्या भावाचा मार्ग वेगळा. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ३५७अ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९६ झालंय. त्याखाली राज्याची पीडित भरपाई योजना आहे, तिच्यात पुरुषही बसतात. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. अर्ज करायला वकील लागत नाही.
कलम ११८ चं पोटकलम कोणतं? (१) आणि (२) मध्ये साधी दुखापत आणि गंभीर दुखापत एवढा फरक आहे.

खवचट काका
१० लाख मिळतात, पेपरात वाचलंय. सोडू नका.

काळा कोट
काका, ५ ते १० लाख हा आकडा नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या योजनेतला आहे, तोही महिलेचा मृत्यू किंवा तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला तर. इथे भाऊ आहे आणि देवाच्या दयेने जिवंत आहे. उगाच आशा लावू नका.

निवृत्त शिरस्तेदार
वकीलबाईंनी अर्धंच सांगितलं. थेट अर्ज कधी? आरोपी सापडलाच नाही, ओळख पटली नाही, खटला उभाच राहिला नाही, तेव्हा. ३९६ चं पोटकलम (४) वाचा. इथे तिघे धरलेत. म्हणजे खटला होईल आणि कोर्टाने शिफारस केली की प्राधिकरण रक्कम ठरवेल. ठाण्यातला माणूस अगदीच चुकीचं बोलला नाही. तीस वर्षं कोर्टात काढलीत मी.

काळा कोट
साहेब, (४) वाचलंत, आता (६) पण वाचा. तातडीचे उपचार आणि अंतरिम मदत द्यायचा अधिकार प्राधिकरणाला आहे, त्यासाठी निकालाची वाट बघायची नसते. शिवाय सुरेश विरुद्ध हरियाणा, २०१४. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्याची दखल घेतानाच कोर्टाने बघावं, पीडिताला आत्ता पैशाची गरज आहे का, आणि असेल तर अंतरिम भरपाईचा आदेश द्यावा. त्याआधी अंकुश गायकवाडच्या निकालात, २०१३ साली, भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात करायलाच हवा असं सांगितलं होतं, आणि तो खटला आपल्याच राज्यातला. अंतिम रकमेला शिफारस लागते, हे तुमचं मान्य. पण या घराला आज पाटल्या सोडवायच्यात.

निवृत्त शिरस्तेदार
अंतरिमचं मान्य. पण कोर्टं स्वतःहून करत नाहीत, मागावं लागतं. मी असा अर्ज क्वचितच पाहिला.

काळा कोट
मागत नाहीत म्हणूनच पाहिला नाहीत.

टर्नर फिटर
हे कोयते विकतात कुठे? आमच्या गावी ऊसतोडीचा कोयता लोहाराकडून करून घ्यावा लागतो. इकडे पोरं ऑनलाइन मागवतात.

खवचट काका
पोरांना मोबाईल दिले की हेच होणार. आमच्या वेळी मास्तरांची छडी होती.

सुगरणीचा खोपा
काका, वेगळा धागा काढा ना. डोंगरपायथा, बिल कुठल्या दवाखान्याचं? नाव नको, पण धर्मादाय होता का? धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच विचारायला हवं होतं.

डोंगरपायथा
तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, ताई. रक्त थांबत नव्हतं. बोर्डावर काय लिहिलंय ते कोण वाचतो. ११८ चं पोटकलम (२) आहे, आत्ता एफआयआरच्या फोटोत बघितलं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरला आणि थांब्यापासून घराकडे येताना गाठलं. एक वार पाठीवरच्या पिशवीवर बसला. स्टीलच्या डब्याला बोटभर खाच पडली. डबा नसता तर तो वार मणक्यावर होता.

गियरबॉक्स
थांबा थांबा. शिफ्ट? कंपनीची बस? मग हे तिसऱ्या दिवशी सांगताय होय! कंपनीत कायम आहे की ठेकेदाराकडे? पगारपत्रकात ईएसआय (कामगार विमा) कापतात का?

डोंगरपायथा
ठेकेदाराकडे. १६,५०० पगार. हो, १२४ रुपये कापलेत. त्याचा इथे काय संबंध?

गियरबॉक्स
०.७५ टक्के, बरोबर. संबंध असा की कामावर जाता-येता झालेला अपघात २०१० पासून कामावरचाच धरतात, वेळ, जागा आणि नोकरी यांचा धागा जुळला तर. तसं ठरलं तर हात बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि बोटं कायमची अधू राहिली तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. ते नाही बसलं तरी आजारपणाचा लाभ ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस. ठेकेदाराने अपघाताचा अहवाल पाठवला का?

डोंगरपायथा
त्याने फक्त "बरा झाला की ये" म्हटलं.

निवृत्त शिरस्तेदार
कोयत्याचा वार म्हणजे अपघात कसा?

काळा कोट
ज्याला लागला त्याच्या बाजूने बघायचं. रिक्षाचालकाचा रिक्षा चोरण्यासाठी झालेला खून सर्वोच्च न्यायालयाने अपघात धरलाय, रीता देवी, २०००. वाद होईल, पण अर्ज टाकायला हरकत काय?

गियरबॉक्स
ठेकेदाराला लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नको. एक प्रत थेट ईएसआयच्या शाखेत. बिलंही मूळ जोडू नका कुठे, सगळीकडे झेरॉक्स.

खवचट काका
मुख्यमंत्री निधीला पण टाका.

काळा कोट
डोंगरपायथा, सोमवारी प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने अर्ज द्या, वर स्पष्ट लिहा: "अंतरिम मदत". एफआयआर, जखमी प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिलं, भावाचं बँक पासबुक जोडा. जखमी प्रमाणपत्रावर "गंभीर" लिहिलंय ना ते आधी बघा, नाहीतर ११८(२) टिकणार नाही. कुणी हाकललं तर १५१०० ला, विधी सेवेच्या हेल्पलाइनला, फोन करा.

डोंगरपायथा
सोमवारी रजा टाकली. सगळ्यांचे आभार. शिरस्तेदार काका, तुम्हालाही, राग नाही. एकच विचारायचं राहिलं. तो डबा पोलिसांनी पंचनाम्यात नेलाय. आई रोज विचारते, कधी मिळेल?

निवृत्त शिरस्तेदार
मुद्देमाल आहे तो. कोर्टात अर्ज केला तर सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करू अशा लेखी हमीवर, मिळू शकतो. पण आईंना म्हणावं, निकाल लागेपर्यंत राहू द्या तिथेच. ती खाच कोर्टाने बघायला हवी. तोवर नवा घ्या, दोनशे-अडीचशेत येतो.